एकट्यापुरतं टू-डू अ‍ॅप: काय बांधावं आणि काय बांधू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट कामापुरतं येतं, स्वतःच्या वापरासाठी एक साधं टू-डू वेब अ‍ॅप बनवायचं आहे. फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) कोणतं घ्यावं, डेटाबेस कोणता, लॉगिन कसं करावं? आणि जाता जाता तुम्ही हेही सांगितलंत की याआधी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा अर्धवट राहिलं.

त्या तीन अर्धवट प्रयत्नांचं कारण मला तुमच्या प्रश्नातच दिसतंय. फ्रेमवर्क, डेटाबेस, लॉगिन या सगळ्या अनेकांनी वापरायच्या अ‍ॅपच्या गरजा आहेत. तुमचं अ‍ॅप वापरणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे तुम्ही. त्या अ‍ॅपला तुमची ओळख पटवायची नाही, हजार लोकांचा भार सोसायचा नाही, चार जणांच्या टीमला कोड कळावा म्हणून वेगळी रचनाही करायची नाही. या सवलती आयत्या मिळालेल्या असताना तुम्ही त्या न घेताच कामाला लागताय. मग पहिला आठवडा लॉगिनच्या पानात जातो, दुसरा डेटाबेसच्या जोडणीत, आणि यादीत एकही खरं काम लिहिण्याआधी उत्साह आटतो.

वेब प्रोग्रॅमिंगमध्ये मी बरीच वर्षं आहे. स्वतःसाठी टू-डू अ‍ॅप मी चार वेळा बनवलं. पहिली तीन बाद झाली, चौथं रोज सकाळी उघडते. त्यात जावास्क्रिप्टच्या दोनशेच्या आत ओळी आहेत आणि फ्रेमवर्क एकही नाही. खाली जे लिहितेय ते बहुतेक पहिल्या तिघांच्या चुकांतून आलंय, त्यामुळे सल्ला जरा एकतर्फी वाटला तर वाटू द्या.

फ्रेमवर्कचं आधी संपवते. टू-डू अ‍ॅप म्हटलं की फ्रेमवर्क आठवतं, याला एक इतिहास आहे. टूडूएमव्हीसी नावाचा प्रकल्प अ‍ॅडी ओस्मानी आणि सिंद्रे सोर्हस या दोन प्रोग्रॅमरमुळे नावारूपाला आला. त्यात एकच टू-डू अ‍ॅप वेगवेगळ्या फ्रेमवर्कमध्ये लिहून शेजारी शेजारी ठेवलंय, म्हणजे तुलना करता येते. कल्पना उत्तमच आहे. पण त्यानंतर शिकवण्यांमध्ये टू-डू हा फ्रेमवर्क शिकायचा सराव होऊन बसला. सरावाचं अ‍ॅप आणि वापरायचं अ‍ॅप यांत फरक असतो: सरावाच्या यादीत 'काम १', 'काम २' असतं आणि ब्राउझर बंद केल्यावर ती गेली तरी कुणाचं काही अडत नाही. तुम्हाला रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यू यांसारखं फ्रेमवर्क शिकायचं असेल तर खुशाल शिका, पण तो वेगळा उद्देश आहे आणि त्याची गल्लत या कामाशी करू नका. पन्नास-शंभर ओळींची एक यादी पडद्यावर काढायला साधं जावास्क्रिप्ट भरपूर झालं.

तर एक एचटीएमएल फाइल, तिच्यात एक मजकुराचा खोका, खाली यादी, आणि साठवणीला लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमध्येच माहिती ठेवायची छोटी जागा. एका संध्याकाळचं काम. त्याच रात्री त्यात दुसऱ्या दिवसाची खरी कामं लिहायची. दिसायला भिकार असलं तरी चालेल.

एवढं सोपं असेल तर मग सांगण्यासारखं काय उरतं? डेटा. टू-डू अ‍ॅपमध्ये टिक मारणं, जोडणं, पुसणं हे दहा मिनिटांचं आहे. ज्या दिवशी यादीतलं एक काम आपोआप गायब होतं, त्या दिवसापासून तुमचा त्या यादीवरचा विश्वास उडतो आणि तुम्ही परत चिठ्ठ्यांवर लिहायला लागता. माझी पहिली तीन अ‍ॅप अशीच गेली. म्हणून बाकी सगळीकडे आळस करा, पण एका कामाची नोंद कशी दिसेल आणि ती हरवणार कशी नाही, इथे वेळ घाला.

माझ्या यादीतली एक नोंद अशी दिसते:

ओळख: एक वेगळा, कधीही न बदलणारा शब्द
मजकूर: दाताच्या डॉक्टरांची वेळ घेणे
लिहिलं: तारीख आणि वेळ
झालं: रिकामं
काढलं: रिकामं
आजसाठी: रिकामं

(नावं देवनागरीत दिली म्हणून दचकू नका, जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात. मी मात्र कोडमध्ये इंग्रजीच ठेवते. दर कंसाला कीबोर्ड बदलायचा कंटाळा, दुसरं काही नाही.)

यात 'झालं' समोर हो किंवा नाही असं नाहीये, हे बघा. काम झालं की तिथे झाल्याची वेळ बसते, झालं नसेल तर ते रिकामं. हो-नाही ठेवलंत तर तीन महिन्यांनी 'हे मी कधी केलं होतं?' याचं उत्तर अ‍ॅपकडे नसतं, आणि मागाहून ते मिळवायची सोयही नसते. वेळ ठेवली तर हो-नाही त्यातून आपोआप कळतंच. 'काढलं' याचंही तसंच. यादीतून काम पुसताना मी ते खरोखर पुसत नाही, फक्त वेळ टाकते आणि पडद्यावर दाखवत नाही. याचा एक फायदा लगेच मिळतो. 'नक्की पुसायचं का?' असं विचारणारी चौकट लागत नाही. पुसलं की खाली पाच-सात सेकंद 'परत आणा' अशी पट्टी दिसते, दाबली की ती वेळ परत रिकामी. विचारणारी चौकट आठवड्याभरात सवयीची होते आणि बोट न वाचताच 'हो' दाबतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

'ओळख' लागतेच. यादीतला कितवा क्रमांक, हा ओळख म्हणून वापरायचा मोह होतो. तो वापरलात की वरचं एक काम काढताच खालच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात आणि टिक भलत्याच कामावर पडते. दर वेळी वेगळी ओळख बनवून देणारं, क्रिप्टोचं रँडम-यूयूआयडी नावाचं फंक्शन ब्राउझरमध्ये तयार आहे. पण त्यात एक खोच आहे आणि ती मी स्वतः तासभर शोधत बसले होते. हे फंक्शन फक्त सुरक्षित जोडणीवर मिळतं, म्हणजे एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर (आपल्याच यंत्रावर चालणाऱ्या सर्व्हरचा पत्ता). लॅपटॉपवर तुम्ही लोकलहोस्ट उघडता, सगळं नीट चालतं. मग फोनवर बघावं म्हणून लॅपटॉपचा आयपी पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाकता, साध्या एचटीटीपीवर. पान दिसतं, मजकूर लिहिता येतो, बटण दाबलं की काहीच होत नाही. त्या पत्त्यावर ते फंक्शन अस्तित्वातच नसतं, आणि फोनवर एररचा कन्सोल समोर नसल्यामुळे कळायला मार्ग नाही. एकट्याच्या यादीला चालू वेळेचे मिलिसेकंद आणि पुढे चार-सहा रँडम अक्षरं एवढी ओळख पुरते.

आता साठवण. लोकलस्टोरेज फक्त स्ट्रिंग (नुसता मजकूर) ठेवतं, म्हणून पूर्ण यादीचं जेसन (माहिती मजकुराच्या रूपात लिहायची पद्धत) करून एकाच किल्लीखाली, म्हणजे एका नावाखाली, ठेवायचं. जागा साधारण ५ एमबी. रोज १० कामं लिहिली आणि एका नोंदीला २५० अक्षरं धरली तर वर्षाला नऊ-सव्वानऊ लाख अक्षरं होतात, म्हणजे जागेची काळजी इतक्यात नाही. वर्षातून एकदा जुनी झालेली कामं फाइलमध्ये काढून ठेवली की विषय संपला. लोकलस्टोरेज वाचताना-लिहिताना पान तेवढा वेळ थांबतं, अशी त्यावर टीका होते आणि ती खरीही आहे, पण एवढ्याशा मजकुराला ते थांबणं जाणवत नाही. इंडेक्स्डडीबी, म्हणजे ब्राउझरचीच दुसरी साठवण, जास्त ताकदीचं आहे आणि ते वापरताना डोकंही तितकंच जास्त लागतं. फोटो किंवा फाइली जोडायच्या असतील तर तिकडे जा, एरवी नको.

आणि आता माझ्या तिसऱ्या अ‍ॅपची गोष्ट, कारण ही चूक जवळजवळ प्रत्येक टू-डूच्या कोडमध्ये दिसते. सुरुवातीला यादी वाचणारं फंक्शन मी असं लिहिलं होतं: लोकलस्टोरेजमधून स्ट्रिंग घे, जेसन पार्स कर, जुन्या नोंदी नव्या आकारात आण, यात कुठेही गडबड झाली तर रिकामी यादी परत दे. वाचायला समंजस वाटतं. पुढे एकदा मी नोंदीचा आकार बदलला, म्हणजे हो-नाहीच्या जागी वेळ आणली. जुन्या नोंदी बदलणाऱ्या ओळीत चूक राहिली आणि तिथे एरर आला. फंक्शनने सांगितल्याप्रमाणे गुपचूप रिकामी यादी दिली. मी पान उघडलं, यादी कोरी दिसली. मला वाटलं नवा कोड नीट लोड झाला नसेल, म्हणून चाचणीसाठी एक काम टाइप करून एंटर मारला. त्या एंटरबरोबर 'यादी साठव' चाललं आणि जवळपास दोन वर्षांच्या नोंदींवर एका ओळीची यादी लिहिली गेली. त्या एंटरपर्यंत सगळा डेटा जागेवर सुखरूप होता, हे नंतर कळलं तेव्हा जास्त वाईट वाटलं.

म्हणून 'काहीच साठवलेलं नाही' आणि 'साठवलंय पण वाचता येत नाही' या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत हे कोडला कळलं पाहिजे. पहिलीत रिकामी यादी बरोबर. दुसरीत जी मूळ स्ट्रिंग आहे ती जशीच्या तशी दुसऱ्या किल्लीखाली कॉपी करून ठेवायची, पानावर ठळक लाल पट्टी दाखवायची आणि साठवणारं फंक्शन बंद करून टाकायचं. सहा-सात ओळींचं काम आहे. सोबत, साठवलेल्या जेसनमध्ये यादीबरोबर एक आकडा ठेवा: नोंदींचा आकार कितव्या आवृत्तीचा आहे तो. आज १. उद्या आकार बदलला की २, आणि वाचताना १ दिसला तर बदलून घ्यायचं. आज हे फाजील वाटेल, पण पहिल्या बदलाच्या दिवशी वाचवेल.

दुसरी हरवण्याची वाट म्हणजे दोन टॅब. सकाळी एका टॅबमध्ये यादी उघडी राहिली, दुपारी विसरून दुसऱ्या टॅबमध्ये उघडून चार कामं टाकली, संध्याकाळी पहिल्या टॅबमध्ये एक टिक मारली. पहिल्या टॅबच्या स्मरणात सकाळचीच यादी आहे. ती पूर्ण यादी परत साठवली गेली की दुपारची चार कामं गेली. यावर उपाय ब्राउझरमध्येच आहे. लोकलस्टोरेज बदललं की त्याच साइटच्या इतर टॅबना 'स्टोरेज' नावाचा इव्हेंट (सूचना) जातो. लक्षात घ्या, इतर टॅबना. ज्या टॅबने बदल केला त्याला तो येत नाही, आणि 'माझा इव्हेंट चालतच नाही' म्हणून लोक डोकं धरून बसतात ते यामुळे. इव्हेंट आला की यादी परत वाचायची आणि परत काढायची, बस.

यादी हरवली असं वाटणं पण ती न हरवणं, असाही एक प्रकार आहे. लोकलस्टोरेज हे ओरिजिननुसार वेगळं असतं, आणि ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट (पत्त्यातला कोलननंतरचा आकडा) हे तिन्ही मिळून. काल सर्व्हर ३००० पोर्टवर चालवला, आज ८०८० वर, तर यादी कोरी दिसेल. घाबरू नका, जुनी यादी जुन्या पोर्टवर आहे. याच्या उलट बाजू गिटहब पेजेससारख्या, वेबपानं ठेवायच्या ठिकाणी दिसते: एकाच खात्याचे प्रकल्प एकाच होस्टवर वेगवेगळ्या फोल्डरांत असतात, म्हणजे सगळ्यांचं लोकलस्टोरेज एकच. तुमच्या दुसऱ्या एखाद्या प्रयोगात 'सगळं साफ कर' असा कोड असेल तर तो ही यादीसुद्धा साफ करेल. किल्लीला 'यादी' असं मोघम नाव न देता अ‍ॅपचं नाव पुढे लावा आणि सरसकट साफ करणारं फंक्शन कुठेच वापरू नका.

शिवाय ब्राउझर स्वतःही पुसतो. सफारीत मार्च २०२० पासून नियम आहे की सफारी वापरल्याच्या ७ दिवसांत एखाद्या साइटवर तुम्ही काहीच केलं नाही, तर त्या साइटच्या स्क्रिप्टने साठवलेला डेटा उडवला जातो, लोकलस्टोरेज धरून. होम स्क्रीनवर टाकलेल्या वेब अ‍ॅपला हा नियम लागू होत नाही, त्यामुळे आयफोनवर वापरणार असाल तर ते होम स्क्रीनवर टाकूनच वापरा. आठवडाभर सुट्टीवर गेलात आणि यादी गेली, ही बाकी ठिकाणी थट्टा वाटेल, इथे ती घडते.

या सगळ्यावर उतारा एकच, फाइलमध्ये बॅकअप. जेसनचा ब्लॉब (ब्राउझरच्या स्मरणातली फाइल) करायचा, त्याची तात्पुरती यूआरएल बनवायची, डाउनलोड असं लिहिलेल्या लिंकला लावायची. दहा ओळी. परत आत घेण्याचं बटण त्याच दिवशी लिहा, पुढे ढकलू नका, आणि एकदा दुसऱ्या ब्राउझरमध्ये फाइल आत घेऊन बघा. माझ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'शेवटचा बॅकअप: ९ दिवसांपूर्वी' असं दिसतं, आणि १४ दिवस झाले की ते लाल होतं. आठवण करून देणारं असं काही नसेल तर बॅकअप घेतला जात नाही, निदान माझ्याकडून तरी.

पडद्यावर यादी काढायचं गणित सोपं ठेवा. स्मरणात एक यादी आहे, आणि 'यादी काढ' असं एक फंक्शन आहे. काहीही बदललं की साठव, मग पूर्ण यादी पुसून नव्याने काढ. नेमकी कोणती ओळ बदलली हे शोधत बसायचं नाही, शंभर ओळींना ब्राउझर डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतो. अडचण फक्त फोकसची येते. तुम्ही एखाद्या ओळीत मजकूर दुरुस्त करताय आणि तेवढ्यात यादी नव्याने निघाली तर कर्सर उडतो. नवं काम लिहायचा खोका यादीच्या बाहेर ठेवा आणि दुरुस्ती चालू असताना यादी काढू नका, एवढ्यावर भागतं. क्लिकचा लिसनर (क्लिक ऐकणारा कोड) प्रत्येक ओळीला न लावता यादीच्या मूळ घटकाला एकदाच लावा, नाहीतर दर वेळी नव्याने लावत बसावं लागेल.

मजकूर पानावर टाकताना टेक्स्ट-कंटेंट वापरा (ते मजकूर जसाच्या तसा दाखवतं), इनर-एचटीएमएल नको (ते मजकूर एचटीएमएल म्हणून वाचतं). 'मी एकटाच वापरणार, मला कोण हॅक करणार?' हे इथे ऐकायला येतं. हॅकिंग सोडा, एखाद्या कामात तुम्ही तिरपा कंस लिहिला आणि पुढे एखादं अक्षर आलं की ब्राउझर त्याला टॅग समजतो आणि पुढचा मजकूर दिसेनासा होतो. आणि कुठून तरी कॉपी करून चिकटवलेल्या मजकुरात काय असेल सांगता येत नाही. इनर-एचटीएमएलमधून आलेला स्क्रिप्टचा टॅग चालत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चित्राच्या टॅगवर एररचा हँडलर लावला तर तो चालतो.

नवं काम घ्यायला खरा फॉर्म वापरा, आणि सबमिट इव्हेंट ऐका. एंटर, फोनच्या कीबोर्डवरचं 'गो' बटण आणि माउसची क्लिक, तिन्ही एकाच जागी येतात. पान रीलोड होऊ नये म्हणून प्रिव्हेंट-डिफॉल्ट तेवढं विसरू नका. अनेकजण फॉर्म टाळून थेट एंटरच्या कीडाउनवर काम जोडतात. मराठीत टाइप करणाऱ्यांना त्याचा त्रास होतो: काही टाइपिंगच्या साधनांत रोमनमध्ये लिहिलेला शब्द देवनागरीत पक्का करायला एंटरच दाबावा लागतो. तो एंटर कीडाउनने पकडला की 'दाताच्या डॉ' एवढंच काम यादीत जाऊन बसतं. कीडाउन वापरायचाच असेल तर इव्हेंटवर इझ-कंपोझिंग (शब्द अजून पक्का व्हायचा आहे का, ते सांगणारं) बघा आणि ते खरं असेल तर हात लावू नका.

देवनागरीचंच अजून थोडं. एचटीएमएलच्या हेड या भागात कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ लिहा, नाहीतर एखाद दिवशी यादीऐवजी चिन्हांचा सडा दिसेल. भाषा मराठी असल्याचं एचटीएमएलच्या टॅगवर सांगा. आणि मजकुराची लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा. इंग्रजीसाठी बनवलेल्या सीएसएसमध्ये ती बरेचदा १.२ असते, आणि जोडीला ओव्हरफ्लो हिडन असेल तर 'दुरुस्तीची वर्कऑर्डर' मधला रफार वरून आणि उकार खालून छाटला जातो. आयफोनवर खोक्यातल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर टॅप करताच पान झूम होतं, त्यामुळे तिथे १६ च ठेवा. चेकबॉक्स लेबलच्या आत घाला म्हणजे मजकुरावर टॅप केलं तरी टिक पडते. यादीतल्या प्रत्येक कामाच्या ओळीची उंची निदान ४४ पिक्सेल, अंगठ्याला तेवढी लागते.

तारखा. माझा आग्रह आहे की पहिला महिनाभर 'कधीपर्यंत' हा रकानाच ठेवू नका. तो असला की आपण प्रत्येक कामाला काहीतरी तारीख लावतो, त्या बहुतेक मनाच्या असतात, आणि दोन आठवड्यांत अर्धी यादी लाल होऊन आपल्याकडे बघत बसते. त्याऐवजी वरच्या नोंदीतलं 'आजसाठी'. सकाळी यादी उघडून चार-पाच कामं निवडली की त्या कामांच्या 'आजसाठी' मध्ये आजची तारीख बसते. पानाच्या वरच्या भागात फक्त तीच दिसतात ज्यांची ही तारीख आजची आहे. रात्री बारा वाजले की वरचा भाग आपोआप रिकामा: न झालेली कामं खालच्या ढिगात परत जातात, कुणी ओरडत नाही, आणि सकाळी परत निवडावं लागतं. जे काम सलग पाच सकाळी निवडूनही होत नाही, त्याचं काहीतरी वेगळं दुखतंय हे कळतं. बहुधा ते एक काम नसतंच, चार कामं असतात.

यात 'आजची तारीख' काढताना एक सापळा आहे. इंटरनेटवर सर्रास दिसणारा तोडगा म्हणजे टू-आयएसओ-स्ट्रिंग घ्यायची आणि पहिली दहा अक्षरं कापायची. ते फंक्शन तारीख यूटीसीत, म्हणजे ग्रिनिचच्या जागतिक वेळेत, देतं. ग्रिनिचच्या पूर्वेला राहणाऱ्यांना मध्यरात्रीनंतर काही तास कालचीच तारीख मिळते, आणि रात्री उशिरा काम करणाऱ्याची यादी बाराला न बदलता पहाटे केव्हातरी बदलते. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे घेऊन स्वतः जोडा, महिना शून्यापासून मोजला जातो म्हणून त्यात एक मिळवा, आणि एकेरी आकड्यापुढे शून्य लावा. अशी वर्ष-महिना-दिवस स्ट्रिंग साधी अक्षरानुक्रमे लावली तरी बरोबर क्रमात येते. पुढे तारखेचा खोका आणलात तर त्यातून मिळणारी स्ट्रिंगसुद्धा तशीच ठेवा. ती डेट ऑब्जेक्टमध्ये घातली की यूटीसीची मध्यरात्र धरली जाते आणि ग्रिनिचच्या पश्चिमेला असलेल्यांना एक दिवस आधीची तारीख दिसते. आणि फोनवर अ‍ॅप रात्रभर मागे उघडंच असतं, म्हणून पान परत समोर आलं की यादी एकदा काढा, नाहीतर सकाळी कालचंच 'आज' दिसेल.

विभाग, लेबलं, प्राधान्य यांच्या मागे लागू नका. लागलंच तर मजकुरातच हॅशचं चिन्ह लावून शब्द लिहा आणि वर एक शोधायचा खोका द्या. जीना त्रपाणी यांनी २००६ मध्ये मांडलेला टूडू डॉट टीएक्सटी हा प्रकार याच वळणाचा आहे: एक ओळ म्हणजे एक काम, प्रकल्पाला अधिकचं चिन्ह, संदर्भाला अ‍ॅटचं चिन्ह, सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. स्मरणपत्रं तर नकोच. पान बंद असताना वेळेवर सूचना द्यायची तर पुश पाठवणारा सर्व्हर लागतो, आणि एका 'टिंग' साठी तेवढा खटाटोप करण्यापेक्षा फोनचा गजर बरा. ओढून क्रम बदलणं एचटीएमएलच्या ड्रॅगने टचस्क्रीनवर धड चालत नाही. माझ्याकडे 'वर न्या' एवढं एकच बटण आहे.

राहिलं फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकच यादी असण्याचं. आधी महिनाभर एकाच यंत्रावर वापरून बघा, अनेकांना दुसरीकडे लागतच नाही. लागलंच तर छोटा सर्व्हर, त्यात एसक्यूलाइटची (एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची) एक फाइल, आणि एचटीटीपीएस. लॉगिनच्या जागी एक लांबलचक गुप्त टोकन, जे प्रत्येक यंत्रावर एकदाच टाइप करायचं आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या जागेत) जाणाऱ्या कोडमध्ये कधीही लिहायचं नाही. नोंदीत 'बदललं' अशी आणखी एक वेळ वाढवा. दोन्हीकडे एकच काम बदललं असेल तर उशिराची वेळ जिंकते, एकट्या माणसाला एवढा न्याय पुरतो. आणि इथे 'काढलं' परत कामाला येतं: नोंद खरोखर पुसली असती तर लॅपटॉपवर काढलेलं काम फोनने 'अरे, हे सर्व्हरवर दिसत नाही' म्हणून इमानदारीने परत पाठवलं असतं.

ऑफलाइनसाठी सर्व्हिस वर्कर (नेटशिवायही पान उघडावं म्हणून फाइली साठवून ठेवणारी स्क्रिप्ट) सगळ्यात शेवटी. तो लवकर घातला की तुम्ही कोड बदलता आणि पान मात्र कॅशमधलं जुनंच दाखवतं, मग दोष नसलेल्या ओळी दुरुस्त करण्यात दुपार जाते.

आज यादीत पहिली कामं म्हणून या अ‍ॅपचीच उरलेली कामं लिहा: बॅकअपचं बटण, आत घेण्याचं बटण, लाल पट्टी. माझ्या चौथ्या अ‍ॅपमध्ये पहिल्या संध्याकाळी लिहिलेल्या सात ओळींपैकी सहा त्याच आठवड्यात टिक झाल्या. 'ओढून क्रम बदलता यावा' ही सातवी अजून तळाशी आहे, आणि दर वेळी नजरेला पडली की मी 'वर न्या' दाबून दुसरंच काहीतरी वर नेते.